पाळलेला अजगर दिवसभर पाण्याच्या भांड्यात का बसतो? मोठ्या सापांना पोखरणारा माइट आणि त्यातून सुटकेचा मार्ग

पाळलेला साप दोन-तीन दिवस पाण्याच्या भांड्यातून बाहेरच येत नसेल, तर मालकाला वाटतं की त्याला उकडतंय. बऱ्याचदा कारण वेगळंच असतं. भांड्याच्या तळाशी नीट पाहिलं तर खसखशीएवढे काळे ठिपके दिसतात. ते बुडून मेलेले माइट असतात. साप गारव्यासाठी नाही, तर अंगावरचे रक्तपिपासू जीव बुडवण्यासाठी पाण्यात बसलेला असतो.

अमेरिका आणि युरोपात अजगर, बोआ असे मोठे साप घरात पाळण्याची हौस जुनी आहे. त्यामुळे टाकून दिलेले, उपाशी ठेवलेले आणि माइटने भरलेले साप सोडवून आणणं हे तिथल्या प्राणी बचाव केंद्रांचं नेहमीचं काम झालं आहे. हे काम नेमकं कसं चालतं आणि त्यात कुठे चूक होते, ते समजून घेऊ.

मोठ्या सापांचेच हाल का होतात?

बर्मीज अजगराचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा जेमतेम दोन फुटांचं असतं. ते स्वस्त मिळतं आणि हातात सहज मावतं. पण चांगलं खाणं मिळालं तर दोन-तीन वर्षांत ते दहा फुटांच्या पुढे जातं आणि पुढे 20 वर्षांहून जास्त जगू शकतं. तोवर त्याला खोलीएवढी जागा, सतत ऊब आणि उंदराऐवजी ससे लागू लागतात. मालकाची हौस फिटते, वीजबिल परवडत नाही आणि साप जुन्याच पेटीत कोंबलेला राहतो.

कुत्रं उपाशी असेल तर भुंकतं, शेजाऱ्यांना कळतं. साप ओरडत नाही. अजगर अनेक महिने अन्नाशिवाय तग धरू शकतो, त्यामुळे त्याची उपासमार कोणाच्या लक्षातही येत नाही. पाठीचा कणा वर आलेला, अंग गोलाऐवजी तिकोनी दिसणारं, कुशीच्या कातडीला सुरकुत्या, डोळे खोल गेलेले, ही चिन्हं दिसेपर्यंत साप शेवटच्या टप्प्याला आलेला असतो. अशा सापाला माइट लागले की उरलंसुरलं रक्तही जातं.

माइट म्हणजे नेमकं काय?

माइट हा कीटक नाही. तो कोळ्यांच्या कुळातला, म्हणजे गुराढोरांना लागणाऱ्या गोचिडाचा बारका भाऊबंद आहे. सापांवरच्या माइटचं शास्त्रीय नाव ‘ओफिओनिसस नॅट्रिसिस’. रक्त पिऊन टम्म झालेली मादीसुद्धा साधारण एक मिलिमीटरचीच असते. पाळीव सापांच्या व्यापाराबरोबर हा माइट जगभर पोचला आहे.

तो खवल्यांच्या खाली, हनुवटीखालच्या खाचेत, डोळ्याभोवतीच्या कडेला आणि विष्ठेच्या छिद्राजवळ दडतो. सापाच्या अंगावर पांढरी भुकटी दिसली तर ती माइटची विष्ठा असते. साप हाताळल्यावर आपल्या हातावर काळे ठिपके चालताना दिसले, तर शंकेला जागा उरत नाही.

थोडे माइट असतील तर सापाला नुसती खाज सुटते. हजारोंनी झाले की रक्तक्षय होतो, कात तुकड्या-तुकड्यांत निघते, कातडीला जखमा होऊन जंतुसंसर्ग होतो. एका सापाचे जंतू दुसऱ्याकडे नेण्याचं कामही माइट करतात. अजगर आणि बोआंना होणाऱ्या एका जीवघेण्या विषाणूजन्य आजाराच्या प्रसारातही त्यांचा हात असावा, असा संशय आहे.

एकदा औषध मारून काम का भागत नाही?

इथेच बहुतेक जण फसतात. माइटची मादी अंडी सापावर घालत नाही. रक्त पिऊन झालं की ती खाली उतरते आणि पेटीच्या सांध्यात, लाकडाच्या भेगेत, अंधाऱ्या ओलसर जागी अंडी घालते. एक मादी आयुष्यात साठ-सत्तर किंवा त्याहून जास्त अंडी घालू शकते. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला साधारण दोन आठवडे पुरतात.

म्हणजे आज सापावरचे सगळे माइट मारले तरी पेटीतली अंडी शाबूत असतात. आठ दिवस सगळं साफ दिसतं, मालक निर्धास्त होतो आणि महिन्याभरात साप पुन्हा भांड्यात जाऊन बसतो. म्हणून उपचार साप आणि पेटी या दोन्हींवर एकाच वेळी करावे लागतात आणि किमान सहा आठवडे नेटाने चालू ठेवावे लागतात.

सोडवून आणलेल्या सापाचं सुरुवातीला काय करतात?

पहिली गोष्ट विलगीकरण. नवा साप वेगळ्या खोलीत, शक्यतो तीन महिने. त्याची भांडी, चिमटे, हूक सगळं वेगळं. रोज आधी निरोगी सापांचं काम उरकायचं, आजारी साप सगळ्यात शेवटी आणि मग हात-कपडे धुवायचे.

पेटीत भुसा, सालपटं, लाकडाचे ओंडके काही ठेवत नाहीत. तळाला साधा पांढरा कागद आणि लपायला टाकून देता येईल असं खोकं. पांढऱ्या कागदावर माइट लगेच दिसतो आणि कागद रोज बदलता येतो. जुनं लाकूड सरळ फेकून देतात.

मग वजन. औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं, त्यामुळे अंदाज चालत नाही. त्यानंतर ऊब आणि पाणी. पेटीच्या एका टोकाला 30-32 अंश आणि दुसऱ्या टोकाला थोडं कमी तापमान ठेवतात. कोमट पाण्यात बसवल्याने सापाची तहान भागते आणि बरेच माइट बुडतात. मात्र पाणी उथळ हवं आणि माणूस समोरच हवा, कारण अशक्त साप बुडू शकतो. शिवाय अंग बुडालं की माइट डोक्याकडे धाव घेतात, म्हणून नुसत्या आंघोळीने ते संपत नाहीत.

अर्धवट निघालेली कात, विशेषतः डोळ्यावर चिकटलेला पापुद्रा, चिमट्याने ओढू नये. खालचा डोळाच जखमी होतो. हवेत ओलावा वाढवला आणि सापात ताकद आली की पुढच्या कातीबरोबर तो बहुधा सुटतो.

औषध कोणतं आणि धोका कुठे?

फिप्रोनिल, पर्मेथ्रिन आणि आयव्हरमेक्टिन ही नावं यात नेहमी ऐकू येतात. ती काम करतात, पण तीच जीवही घेतात. आयव्हरमेक्टिनची सापासाठीची मात्रा किलोमागे साधारण 0.2 मिलिग्रॅम सांगितली जाते. गुरांसाठीच्या एक टक्क्याच्या बाटलीतून पाच किलोच्या सापाला द्यायचं झालं, तर ते होतं फक्त 0.1 मिलिलिटर. सिरिंजवर एका रेघेची चूक म्हणजे दुप्पट डोस. आधीच सुकलेल्या, अशक्त सापाला तो झेपत नाही. त्याच घरात कासव असेल तर आणखी जपायला हवं, कारण आयव्हरमेक्टिन कासवांसाठी प्राणघातक आहे. पर्मेथ्रिनचं तसंच मांजरांच्या बाबतीत.

पेटीत पर्मेथ्रिन फवारलं तर ते पूर्ण सुकून वास जाईपर्यंत साप आत ठेवत नाहीत. सापाला थरथर सुटली, पालथा केल्यावर सरळ होता येईना, तर ती विषबाधेची खूण समजावी. थोडक्यात, औषध कोणतं आणि किती हे सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यानेच ठरवावं.

उपाशी आहे, मग लगेच खायला का नाही घालायचं?

हाडं दिसणारा साप पाहिला की पहिली इच्छा होते ती त्याला पोटभर खाऊ घालण्याची. पण अंगात पाणी नसलेला, गारठलेला साप पचवू शकत नाही. तो ओकून टाकतो आणि आणखी खंगतो. शिवाय दीर्घ उपासानंतर एकदम मोठं खाणं पोटात गेलं, तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरून हृदयच बंद पडू शकतं. म्हणून आधी ऊब, मग पाणी आणि त्यानंतर नेहमीपेक्षा बरीच लहान शिकार. पुढचं खाणं दहा-बारा दिवसांनी. खाल्ल्यावर दोन दिवस सापाला हात लावत नाहीत. वजन हळूहळू, काही महिन्यांत वाढावं.

एक नियम माणसांच्या जिवासाठी. आठ फुटांपुढचा अजगर एकट्याने हाताळायचा नाही, खायला घालतानाही दुसरा माणूस हवा. आणि साप हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवायचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांकडून साल्मोनेला जंतू येऊ शकतात.

नाही जमत, तर जंगलात सोडला तर?

ही सगळ्यात महागडी चूक. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये सुटलेल्या आणि सोडलेल्या बर्मीज अजगरांनी तिथेच वंश वाढवला. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथे रकून दिसण्याचं प्रमाण 99 टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. त्याच वर्षी अमेरिकेने बर्मीज अजगराच्या आयातीवर बंदी घातली. फ्लोरिडात आता नको असलेले परदेशी प्राणी दंडाशिवाय सरकारकडे सोपवण्याची सोय आहे.

आपल्याकडे काय नियम आहेत?

भारतीय अजगर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पाळणं, विकणं, घरी ठेवून ‘उपचार करणं’ हा गुन्हा आहे. रानातल्या अजगराच्या अंगावर गोचीड दिसले तरी स्वतः औषध लावायला जाऊ नका. महाराष्ट्रात वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

बॉल पायथनसारख्या परदेशी सापांची गोष्ट वेगळी आहे. आंतरराष्ट्रीय व्यापार करारात नोंद असलेल्या अशा प्राण्यांची माहिती परिवेश पोर्टलवर नोंदवणं 2024 च्या नियमांनी बंधनकारक केलं आहे. तरीही बँकॉकहून आलेल्या सामानात दडवलेले साप मुंबई विमानतळावर सापडतातच. डब्यात कोंबून आणलेल्या अशा सापांच्या अंगावर माइट असले तर नवल नाही.

कोणी ‘छोटासा आहे, स्वस्तात देतो’ म्हणून सापाचं पिल्लू पुढे केलं, तर दहा वर्षांनंतर त्याला कुठे ठेवणार आणि त्याचा डॉक्टर कोण, हे दोन प्रश्न आधी विचारा. उत्तर नसेल तर ते पिल्लू न घेणं हीच त्याच्यावरची दया.