भाकरीतले लोह रक्तात किती पोचते?

ज्वारीची भाकर, तुरीचे वरण आणि अंबाडीची भाजी हे यवतमाळ जिल्ह्यातले जुने, ओळखीचे जेवण. ह्याच ताटाचा अभ्यास करून विद्यापीठाची पदवी मिळते, असे सांगितले तर कोणी विचारील, “स्वयंपाक शिकायला विद्यापीठ कशाला?” पण हा अभ्यास स्वयंपाकाचा नव्हे, अन्न शरीरात गेल्यावर त्याचे काय होते, ह्याचा आहे.

१९६०च्या दशकात देशापुढे मोठा प्रश्न होता तो धान्य पुरेसे पिकवण्याचा. १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा भारतातील पहिला संकरित वाण आला. त्या वेळी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक. संकरित ज्वारीचा त्यांनी हिरिरीने प्रसार केला. पैनगंगेपलीकडे मराठवाड्यात, परभणी येथे १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ साली त्याला नाईकांचे नाव देण्यात आले. तेथील सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात अन्न व पोषण हा विषय शिकवला जातो.

आता प्रश्न केवळ ‘धान्य किती?’ एवढाच नाही, ‘धान्यात काय?’ हाही आहे. प्रयोगशाळेत पीठ सुमारे ५५० अंश सेल्सिअस तापमानाला जाळतात. उरलेल्या राखेत खनिजे असतात. पिठातील नत्र मोजून ६.२५ने गुणले की प्रथिनांचा अंदाज येतो, कारण प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असते.

ज्वारीच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते. पण ते सगळे रक्तात जात नाही. सहसा त्याचा दहावा हिस्साही शोषला जात नाही! दाण्यातील फायटिक आम्ल लोहाला बांधून ठेवते. जेवणाबरोबर घेतलेल्या चहातील टॅनिनही तेच करते. उलट लिंबू, आवळा ह्यांतील क जीवनसत्त्व लोह शोषण्यास मदत करते. धान्य भिजवून मोड आणले तर फायटिक आम्ल कमी होते.

दुसरा उपाय शेतातला. परभणीच्या विद्यापीठाने हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’ ह्या संशोधन संस्थेच्या साह्याने २०१८ साली ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण आणला. त्याच्या दाण्यात लोह व जस्त अधिक असते.

ही धडपड कशासाठी? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वर्षांच्या १०० मुलींपैकी सुमारे ५९ मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. त्यांना लवकर थकवा येतो, अभ्यासात लक्ष लागत नाही. म्हणजे हा प्रश्न तुमच्याच वर्गातला आहे.

विद्यार्थिमित्रांनो, आठवडाभर एक नोंदवही ठेवा. रोज काय खाल्ले, जेवणात लिंबू होते का, जेवणानंतर चहा किती वेळाने घेतला, हे लिहा. मग शिक्षकांसह त्या नोंदी तपासा. पोषणशास्त्राचा पहिला धडा तेथेच सुरू होतो.