बॅकअप सर्व्हर आणि डेटाबेसची पुनःस्थापना

२७ जुलै २००५ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. कुलाब्याच्या वेधशाळेत याच अवधीत अवघा ७३ मिलिमीटर पाऊस पडला होता. एकाच शहरातील या दोन आकड्यांत बॅकअपचे पहिले तत्त्व सामावलेले आहे : मूळ यंत्र आणि त्याची प्रत एकाच आपत्तीच्या कक्षेत असता कामा नयेत. अंधेरीतील कार्यालयाने आपली प्रत घाटकोपरला ठेवली, तर आगीपासून ती सुरक्षित राहील. परंतु त्या दिवसाच्या पावसाने दोन्ही ठिकाणे सारखीच वेढली होती.

तथापि, केवळ अंतराने कार्यभाग साधत नाही. प्रत घेणे आणि त्या प्रतीवरून दुसऱ्या यंत्रावर डेटाबेस उभा करणे या दोन भिन्न क्रिया होत. पहिली क्रिया नित्याची असल्यामुळे दुसरीही आपोआप साधेल असे गृहीत धरले जाते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत मुख्य डेटाबेसमधील माहिती चुकून पुसली गेली. तेव्हा असे उघडकीस आले की, रोजची प्रत घेणारे साधन ९.२ या आवृत्तीचे आणि डेटाबेस ९.६ या आवृत्तीचा असल्यामुळे प्रती तयारच होत नव्हत्या. त्याविषयीच्या सूचनाही कोणापर्यंत पोहोचत नव्हत्या. चाचणीच्या कामासाठी सहा तासांपूर्वी सहज घेतलेल्या एका प्रतीवरच अखेर निभावले.

प्रतीचे स्थूलमानाने दोन प्रकार मानता येतात. पहिल्या प्रकारात डेटाबेसच्या फाइली जशाच्या तशा उचलल्या जातात. ही रीत जलद असली, तरी दुसऱ्या यंत्रावर डेटाबेसची तीच मुख्य आवृत्ती आणि मिळतीजुळती कार्यप्रणाली असावी लागते. दुसऱ्या प्रकारात सारणी कशी रचावी व तीत काय भरावे, याच्या आज्ञा लिहून काढल्या जातात. ही रीत संथ; पण वेगळ्या यंत्रावर अधिक निर्धोक असते, कारण तेथे सर्व रचना नव्याने होते. पहिल्या प्रकाराला त्यानंतरच्या व्यवहारांच्या नोंदींची जोड दिली, तर प्रत घेतल्यानंतर झालेले बदलही क्रमाने पुन्हा करता येतात. यास्तव ग्राहक यंत्रावर पुढील सिद्धता अगोदर हवी : पुरेशी जागा, योग्य आवृत्ती, वापरणाऱ्यांची खाती व अधिकार, प्रत कुलूपबंद असल्यास तिची किल्ली, आणि मूळ यंत्राचा पत्ता बदलल्यावर इतर कार्यक्रमांना नवा पत्ता सांगण्याची व्यवस्था.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एका गोष्टीकडे लक्ष पुरवावे लागते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. नव्या यंत्रावर निराळा वर्णसंच ठरलेला असेल, तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे साठविली जातात व मूळ मजकूर त्या प्रतीतून कायमचा नाहीसा होतो. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. वर्णक्रमाची चूक मात्र दिसत नाही. मराठी कोशांत क्ष आणि ज्ञ हे ळ नंतर येतात. केवळ संकेतांकांनुसार लावल्यास क्ष हा क च्या पोटात जातो. शब्दांचा क्रम कोणता, हे ज्ञान पुष्कळदा डेटाबेसमध्ये नसून कार्यप्रणालीत असते. लिनक्समधील जीलिबसी या पायाभूत संचाच्या २.२८ या आवृत्तीत (२०१८) हा क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. परिणामी, जुन्या यंत्रावरील पोस्टग्रेस डेटाबेसच्या फाइली नव्या यंत्रावर नेल्या असता जुन्या क्रमाने रचलेली सूची नव्या क्रमाने वाचली जाऊ लागली. नोंद जागेवर असूनही शोधात सापडत नाही आणि तेच नाव दुसऱ्यांदा नोंदले जाऊ शकते. शब्दांवर आधारलेल्या सर्व सूची नव्याने रचणे हाच यावरील उपाय होय.

ही सिद्धता प्रत्यक्ष उपयोगात आणण्याचा निर्धारही तितकाच आवश्यक आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातील राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि दुपारी पावणेचार वाजता पुन्हा सुरू झाले. चेन्नई येथे पर्यायी केंद्र असूनही त्या दिवशी व्यवहार तिकडे हलविले गेले नाहीत. पुढच्याच महिन्यात सेबीने नियम कडक केले : बिघाडानंतर अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करावी, त्यानंतर ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत व्हावे, आणि गमावलेली माहिती १५ मिनिटांपेक्षा अधिक काळाची नसावी. २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, बाजाराने विशेष सत्र भरविले. त्याचा पहिला भाग मुख्य केंद्रावरून आणि दुसरा पर्यायी केंद्रावरून चालविण्यात आला. तालीम झाली ती खऱ्या व्यवहारांनिशी.

लहान विभागाला एवढा व्याप शक्य नसला, तरी तत्त्व तेच राहते. ठरावीक काळाने रिकाम्या यंत्रावर प्रत उभी करावी, लागलेला वेळ लिहून ठेवावा, नोंदींची संख्या मुळाशी ताडून पाहावी आणि क्ष, ज्ञ, ळ व ऱ्य असलेले काही शब्द शोधून पाहावेत. हे काम मूळ यंत्र सांभाळणाऱ्याने न करता, केवळ लेखी सूचनांच्या आधारे दुसऱ्या कोणी केले, तर त्या सूचनांतील उणिवाही ध्यानी येतात. आपत्तीच्या वेळी जाणता मनुष्य हजर असेलच असे नाही. २६ जुलैच्या रात्री उपनगरांतील असंख्य लोक आपल्या घरीही पोहोचू शकले नव्हते.