ऑयलरची अटकळ आणि प्रा. श्रीखंडे

तत्कालीन जबलपूर विभागातील सागर येथे १९१७ साली शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म झाला. नागपुरास शिकून पुढे ते अमेरिकेत राजचंद्र बोस यांचे शिष्य झाले. त्यांची कीर्ती एका कोड्याशी निगडित आहे.

सहा पलटणींतून सहा हुद्द्यांचे एकेक, असे छत्तीस अधिकारी घ्यावेत. ते चौकोनात असे उभे करावेत, की कोणत्याही आडव्या वा उभ्या ओळीत पलटण किंवा हुद्दा दोनदा येऊ नये. हे साधत नाही, आणि दहा, चौदा, अठरा अशा, चाराने भागता दोन उरणाऱ्या संख्यांनाही साधणार नाही, अशी अटकळ ऑयलरने १७८२ साली बांधली. सहापुरती ती खरी ठरली. परंतु १९५९ साली बोस व श्रीखंडे यांनी बावीसचा चौकोन रचला, पार्कर यांनी दहाचा. आणि तिघांनी मिळून सहापुढे ती कोठेच टिकत नाही, हे सिद्ध केले.

१९६३ पासून श्रीखंडे मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख होते. २०२० साली, वयाच्या १०२व्या वर्षी ते निवर्तले. थोरांचे म्हणणे आदराने ऐकावे, पण पडताळून पाहावे, हाच त्यांच्या कार्याचा धडा होय.