शितावरून भाताची परीक्षा

रात्रीचे दहा वाजले आहेत. घरीं मूल तापानें फणफणलें आहे आणि आपण औषधांच्या दुकानांत मोबाईल हातीं धरून उभे आहांत. पडद्यावरचें चक्र फिरतेंच आहे. पैसे गेले कीं राहिले, हें ना आपणांस कळतें, ना दुकानदारास. अशा वेळीं आपण इंटरनेटला बोल लावून मोकळे होतों. परंतु दोष नेमका कोणाचा, आणि तो आधीं ओळखतां आला असता काय, याचाच आज थोडा विचार करूं.

आपण बटण दाबतांच ॲप आपल्या संगणकास विनंति करतें. तो ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या संगणकाकडे धाडतो. मग आपल्या बँकेनें पैसे वजा करावयाचे आणि दुकानदाराच्या बँकेनें ते जमा करावयाचे. माणूस मध्यें न येतां एका संगणकानें दुसऱ्याची केलेली अशी जी चाकरी, तिला वेब सेवा म्हणतात. २०१६ सालीं सुरू झालेली यूपीआयची पद्धति अशा सेवांच्या सांखळीवरच उभी आहे.

सांखळीचें गणित मोठें कठोर असतें. हे चारही दुवे शंभरांत नव्याण्णव वेळां नीट चालतात असें धरा. ऐकावयास हें उत्तम वाटतें. पण चारही एकाच वेळीं नीट चालण्याचा योग शंभरांत सुमारें शहाण्णव वेळांच येतो. म्हणून प्रत्येक दुव्यावर अखंड नजर ठेवावी लागते.

नजर ठेवावयाची ती कशावर? पहिली गोष्ट उपलब्धता. ९९ टक्के उपलब्धता म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यांत सात तास बारा मिनिटें दार बंद, ९९.९ टक्के म्हणजे सुमारें ४३ मिनिटें. दुसरी गोष्ट उत्तरास लागणारा वेळ. येथें सरासरी फार फसवी. शंभर विनंत्यांपैकीं ९५ विनंत्यांना एका सेकंदांत उत्तर मिळालें आणि उरलेल्या पांचांना २१ सेकंद लागले, तरी सरासरी दोनच सेकंद येते! त्या पांचांचे हाल तींत दिसत नाहींत. म्हणून जाणकार सरासरी न विचारतां, शंभरांतील नव्याण्णव विनंत्यांना किती वेळ पुरला, असें विचारतात.

तिसरी गोष्ट नकारांची. पण प्रत्येक नकार हा दोष नव्हे. खात्यांत पैसे नसले किंवा गुप्तांक चुकला, तर बँकेनें नकारच द्यावयास हवा. कॉर्पोरेशन दरमहा बँकांचे आंकडे प्रसिद्ध करतें, त्यांत म्हणूनच तांत्रिक नकार आणि व्यावहारिक नकार हे रकाने निराळे असतात. पहिला यंत्रणेचा दोष. दुसरा बहुधा आपला. बँक निवडतांना पाहावयाचा तो पहिला, आणि तोहि एका महिन्याचा नव्हे, निदान सहा महिन्यांचा.

शिवाय मोजणारा कोठें उभा आहे, हेंहि पाहिलें पाहिजे. सेवा देणारा स्वतःच्या दारांत उभा राहून मोजतो. आपण मात्र रस्त्याच्या दुसऱ्या टोंकास असतों. म्हणून तटस्थ तपासनीस ठिकठिकाणांहून दर कांहीं मिनिटांनीं चांचणीच्या विनंत्या पाठवितात व उत्तरांची नोंद ठेवितात. अशा ताज्या नोंदी पाहून सेवा निवडण्याचें काम आतां संगणकावरच सोंपवितां येतें. त्यांतहि एक खोंच आहे. एखादी सेवा सर्वांत चांगली ठरली, कीं सारे तिच्याकडेच धांवतात आणि त्या गर्दीनें तीच मंद होते. म्हणून शहाणा निवड करतांना सारा भार एकीवर टाकीत नाहीं.

श्रोतेहो, शितावरून भाताची परीक्षा करावी, असें आपण म्हणतों. तें खरें, कारण एका भांड्यांतला भात सारखाच शिजतो. सेवेचें तसें नाहीं. दुपारीं तत्पर असलेली सेवा पगाराच्या दिवशीं संध्याकाळीं थकलेली असूं शकते. तिची परीक्षा एकदां करून संपत नाहीं. अडकलेले पैसे मागाहून परत येतीलहि. पण औषध त्याच रात्रीं हवें असतें. तेव्हां आंकडे पाहून बँक निवडा, दुसऱ्या बँकेंत एक खातें ठेवा, आणि पाकिटांत चार नोटा असूं द्या.