मूळ कागद वाचणारे छिद्र

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पिंपरीत शिरले की हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा विस्तीर्ण परिसर लागतो. इथली माणसे त्याला नुसते ‘एचए’ म्हणतात. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. फ्लेमिंगना १९२८ मध्ये पेनिसिलीनचा सुगावा लागला तो स्टॅफिलोकॉकस जिवाणूंच्या बशीत. गळवे आणि जखमांतला पू ही या कुळाची करणी. त्यातला स्टॅफिलोकॉकस ऑरियस एक विष सोडतो. त्या प्रथिनाचे सात तुकडे एकत्र येऊन रक्तपेशीच्या आवरणाला आरपार भोक पाडतात. या भोकाचा अरुंद भाग केसाच्या जाडीच्या जेमतेम पन्नास हजाराव्या हिश्श्याइतका!

ज्याला मारण्यासाठी पिंपरीत कारखाना निघाला, त्याचेच हे हत्यार पुढे माणसाने डीएनए वाचायला घेतले.

बँकेतले नोटा मोजण्याचे यंत्र आपण पाहिले असेल. नोट सरकते, प्रकाशाची तिरीप अडते, आकडा एकाने वाढतो. इथे प्रकाशाच्या जागी वीज असते. पातळ पडद्यात हे छिद्र बसवायचे, दोन्ही अंगांना मिठाचे पाणी ठेवायचे आणि विजेचा दाब द्यायचा. छिद्रातून सूक्ष्म प्रवाह वाहू लागतो. डीएनएवर ऋण भार असल्यामुळे तो धन बाजूकडे ओढला जातो आणि सुईत दोरा शिरावा तसा छिद्रात शिरतो. शिरला की प्रवाह अडतो. किती अडतो हे त्या क्षणी छिद्राच्या गळ्यात चार अक्षरांपैकी कोणती आहेत यावर ठरते. दोरा मोकळा सोडला तर तो वाचता न येण्याइतक्या वेगाने निसटतो. म्हणून तोंडाशी एक एन्झाइम रखवालदारासारखे बसवतात. ते दोन पदर उसवत, एकेक पाऊल मोजून, दोरा पुढे सोडते. तरीही सेकंदाला सुमारे चारशे अक्षरे!

अमेरिकेतल्या डेव्हिड डीमर यांनी १९८९ मध्ये ही कल्पना वहीत रेखाटून ठेवली. रेणू छिद्रातून जाताना खरोखर टिपल्याचा निबंध डीमर, ब्रँटन, कॅसियानोविच आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. मुठीत मावणारे यंत्र संशोधकांच्या हाती पडायला २०१४ उजाडले. पंचवीस वर्षे! एवढ्या काळात बँकेत कारकुनाचा मॅनेजर होऊन त्याची तीनदा बदलीही होते. (आजच्या यंत्रात छिद्र मात्र दुसऱ्या एका जिवाणूच्या प्रथिनाचे असते.)

मला यात मोलाचे वाटते ते वेगळेच. उभा जन्म बँकेत काढलेल्या माणसाला मूळ दस्त आणि झेरॉक्स यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. समासातली पेन्सिलीची खूण झेरॉक्सवर धड उमटत नाही, मागचा शेरा तर नाहीच. डीएनए वाचण्याच्या रूढ पद्धतीत रेणूचे काही शे अक्षरांचे तुकडे करतात, त्यांच्या असंख्य नकला काढतात आणि मग वाचतात. पेशी मात्र काही अक्षरांवर मिथाइल नावाची बारीक खूण करून ठेवत असते. कोणते जनुक जागे ठेवायचे आणि कोणते निजवायचे, यात त्या खुणेचा हात असतो. नक्कल काढली की खूण गेली. छिद्रातून मात्र मूळ रेणूच जाऊ शकतो, आणि त्याच्यावरची खूणही प्रवाहात उमटते.

दुसरी गोष्ट लांबीची. जुन्या लेजरची पाने एकेका ओळीच्या पट्ट्यांत फाडली आणि प्रत्येक पट्टीवर ‘बाय कॅश’ एवढेच असले, तर कोणती पट्टी कोणत्या पानाची हे कोण सांगणार? माणसाच्या सुमारे तीनशे कोटी अक्षरांत अशी पुनरुक्तीची पाने पुष्कळ आहेत. त्यांच्यापायी सुमारे आठ टक्के मजकूर २०२२ पर्यंत लागलाच नव्हता. तो लागला तेव्हा इतर साधनांच्या जोडीला या छिद्रांतून सलग वाचलेले लाख-लाख अक्षरांचे धागे होते.

चुका होतातच. एकच अक्षर ओळीने सात-आठ वेळा आले की हे यंत्र गोंधळते. शून्ये मोजताना थकलेल्या रोखपालाचे होते तसेच.

वेगाचा हिशेबही दिसतो तितका सरळ नाही. आपल्याच शहराचा अनुभव घ्या. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी परदेशातून पिंपरी-चिंचवडला आलेले तिघे आणि त्यांच्या सहवासातले तिघे यांना ओमायक्रॉनची लागण झाल्याचा अहवाल पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडून आला तो ५ डिसेंबरला. करोना विषाणूची अक्षरे तीस हजारांच्या आसपास. सेकंदाला चारशेच्या गतीने सव्वा मिनिटाचे काम! पण फाइलचा वेळ सहीत जात नाही. टेबलावरून टेबलावर सरकण्यात जातो. नमुना घेणे, पोचवणे, शुद्ध करणे, त्याच्या नकला काढणे (विषाणूच्या बाबतीत त्या बहुधा काढाव्याच लागतात), पुन्हा पडताळणे. लहान यंत्राचा उपयोग ही टेबले कमी करण्यात आहे. २०१५ मध्ये गिनी देशात इबोलाच्या साथीत संशोधकांनी ते विमानाच्या सामानातून नेले आणि काही नमुन्यांचे वाचन चोवीस तासांच्या आत हाती दिले.

आपल्या पट्ट्याला याची खरी निकड क्षयरोगात आहे. भोसरी, म्हाळुंगे, चाकण इथल्या खोल्यांत पाळीपाळीने झोपणारी माणसे मी पाहिली आहेत. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच सतरंजीवर आडवा होतो. कोणते औषध लागू पडेल हे जिवाणू वाढवून तपासायचे तर आठवडे लागतात. तोवर रोगी कदाचित निरुपयोगी गोळ्या गिळत त्याच खोलीत खोकत राहतो. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने थुंकीच्या नमुन्यातूनच औषधाला दाद न देणारी जनुके वाचणाऱ्या काही चाचण्यांची शिफारस केली. त्यातली एक या छिद्रांवर चालते.

यंत्र मुठीत मावते हे खरे. पण त्यात बसवायच्या छिद्रांच्या चकत्या झिजतात, रसायने महाग पडतात आणि नमुना तयार करायला शिकलेला हात लागतो. पालिकेच्या रुग्णालयात ते यायचे, तर आधी अंदाजपत्रकात त्याच्या नावाचे हेड उघडावे लागेल.