जंगल राखायला पैसा कुठून येतो?

खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. कणकुंबीत उगवणारी मलप्रभा पूर्वेला वळून कृष्णेला मिळते. भीमगडच्या रानातली म्हादई मात्र गोव्यातून अरबी समुद्र गाठते. याच रानात, तळेवाडीजवळ, बारापेडे गुहा आहेत. तिथे राहणाऱ्या ‘रॉटन्स फ्री-टेल्ड बॅट’ या वटवाघळाचे शास्त्रीय वर्णन ऑल्डफिल्ड थॉमस यांनी 1913 साली केले. पुढची ऐंशीहून अधिक वर्षे साऱ्या जगात त्याचा हा एकच पत्ता ठाऊक होता! मग ते सापडले थेट कंबोडियात आणि मेघालयात.

भीमगडला 2011 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. पण अंधाऱ्या गुहेतले जीव मोजायचे कुणी? अभयारण्याबाहेरच्या खासगी रानाचा मालक कुऱ्हाड खाली ठेवेल, ती कशाच्या भरवशावर? इथे अनुदान देणाऱ्या निधीसंस्था कामी येतात.

‘क्रिटिकल इकोसिस्टिम पार्टनरशिप फंड’ ही अशीच एक. 2000 साली सुरू झालेल्या या निधीत जागतिक बँक, युरोपीय संघ, फ्रान्स आणि जपान यांचा पैसा आहे. तो पैसा सरकारी खात्यांना जात नाही. स्थानिक संस्था, संशोधक आणि गावगट यांना मिळतो. शिवाय तो फक्त जैवविविधतेच्या ‘हॉटस्पॉट’साठी असतो. हा मान मिळवायच्या दोन अटी आहेत: इतरत्र कुठेही न आढळणाऱ्या किमान 1500 वनस्पती, आणि मूळ झाडोऱ्यापैकी 70 टक्के किंवा त्याहून अधिक नाहीसा झालेला. म्हणजे वैभव आणि विनाश दोन्ही हवेत. आपला सह्याद्री दोन्हीत बसतो.

2008 ते 2015 या काळात बंगळूरच्या ‘एट्री’ या संशोधनसंस्थेमार्फत हा निधी पश्चिम घाटात आला. पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन’ने कोकणातल्या संगमेश्वर भागात रानमालकांशी करार केले: ठरलेली वर्षे झाडे तोडायची नाहीत, त्या बदल्यात मोबदला घ्यायचा. याच संस्थेने पुढे सह्याद्रीतल्या बेहड्याला ‘फेअरवाइल्ड’ हे प्रमाणपत्र मिळवून दिले. सरपणाला जाणाऱ्या झाडाची फळे परदेशी औषधी चहापर्यंत पोचली. आणि गंमत अशी की जुन्या बेहड्याच्या ढोलीतच धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेऊन अंडी उबवते. फळाला भाव आला, झाड उभे राहिले, धनेशाचे घरही वाचले.

निपाणीच्या तंबाखूपट्ट्याला याचे काय? वेदगंगा आणि दूधगंगा उगवतात कोल्हापूरच्या डोंगरात. संकेश्वरची हिरण्यकेशी उगवते आंबोलीत. रान एका राज्यात, विहीर दुसऱ्या राज्यात. सीमेचा वाद कोर्टात काहीही लागो, वरचे रान गेले तर खालचा शेतकरी कोरडा पडणार.

बाहेरचा निधी कायम पुरत नाही, आणि नुसत्या कळकळीवर तो मिळतही नाही. त्याला नोंदी लागतात. जैवविविधता कायदा 2002 प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या पंचायतीत जाऊन ती वही मागा. कोरी असेल, तर पहिली नोंद तुम्ही करा.