गोळीआधी मोजपट्टी

प्रार्थनेच्या रांगेत सर्वांत पुढे उभे राहणारे मूल वर्षानुवर्षे तेच असले, तरी शाळेत त्याचे कोणाला फारसे नवल वाटत नाही. तेच मूल वर्गात जागेवर बसत नसेल, पाढा अर्ध्यावर सोडून खिडकीबाहेर पाहत असेल, रोज पेन्सिल हरवून येत असेल, तर मात्र पालकांना बोलावणे जाते. जामनेरमधील एखाद्या कारकुनाच्या घरी असा नऊ वर्षांचा मुलगा आहे, अशी कल्पना करावी. उंचीने तो सहा वर्षांच्या मुलाएवढा. जळगावच्या बालरोगतज्ज्ञांनी वाढ मंद असल्याचे सांगून तपासण्या लिहून दिल्या आहेत. मानसोपचारतज्ज्ञांनी 'अवधानन्यूनता व अतिचंचलता', म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखला जाणारा 'एडीएचडी', असे निदान करून गोळी सुचविली आहे. त्या गोळीने भूक मंदावते आणि वाढीवरही परिणाम होऊ शकतो, हे औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेले असते. साहजिकच आईबापांपुढे प्रश्न उभा राहतो : मुलाचे शिक्षण सावरावे की त्याची उंची?

प्रश्न असा मांडला की त्याचे उत्तर भीतीपोटी दिले जाते. कोणी गोळीचे नावच टाकतो, तर कोणी परीक्षेच्या धाकाने ती घाईने सुरू करतो. वस्तुतः या निर्णयाला सर्वप्रथम लागते ती मुलाच्या उंचीची मागील दोन-तीन वर्षांची नोंद. आणि बहुतेक घरांत नेमकी तीच नसते.

एका मुळाच्या दोन फांद्या

बुटकेपणा व चंचलता एकाच मुलात आढळणे हा निव्वळ योगायोग असतोच असे नाही. दिवस भरण्याआधी किंवा अपुऱ्या वजनाने जन्मलेल्या मुलांत पुढे उंची कमी राहण्याची शक्यता अधिक असते, आणि अवधानाच्या अडचणीही अधिक आढळतात. टर्नर सिंड्रोम हा गुणसूत्रांचा दोष सुमारे दोन ते अडीच हजार मुलींत एकीला असतो. त्यात उंची खुंटते आणि अवधानाचा प्रश्नही पुष्कळदा जोडीला येतो. थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले, तर उंचीची वाढ थांबते आणि मूल सुस्त व विसराळू होते. रक्तातील लोह कमी असले, तरी मन ठिकाणावर राहत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. ही सर्वच मुले संप्रेरकांच्या किंवा गुणसूत्रांच्या विकाराने पीडित आहेत असे नव्हे. गर्भावस्थेपासूनचे अपुरे पोषण आणि वारंवारची आजारपणे हीच त्यातील बहुतेकांची कथा आहे. परंतु जेथे तीनांतील एक मूल खुजे, तेथे खरोखरच विकार असलेले मूल गर्दीत लपून जाते, ही या आकड्याची दुसरी बाजू आहे. "आमच्या घराण्यात सगळेच ठेंगणे" या एका वाक्याने किती तपासण्या टळल्या असतील, कोण जाणे!

म्हणून पहिली पायरी निदानाची. थायरॉईडची तपासणी स्वस्त आहे, तिचे औषधही स्वस्त आहे, आणि त्या एका औषधाने उंची व लक्ष या दोन्ही गोष्टी सुधारण्याचा संभव असतो. ती तपासणी न करता अवधानाची गोळी सुरू करणे म्हणजे विहिरीत पाणी आहे की नाही हे न पाहता पंपाची मोटार बदलण्यासारखे आहे.

औषध काय देते, काय घेते

या विकारावर सर्वाधिक वापरले जाणारे औषध मेथिलफेनिडेट. स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीत लिआंद्रो पानित्सोन या रसायनशास्त्रज्ञाने ते १९४४ मध्ये तयार केले आणि पुढे 'रिटालिन' या नावाने ते बाजारात आले. हे औषध उत्तेजक वर्गातले असले, तरी योग्य मात्रेत ते चंचल मुलाला स्थिर करते. मेंदूतील डोपामिनसारख्या द्रव्यांचा प्रभाव वाढून लक्ष टिकविणे सोपे जाते.

या औषधाने वाढ मंदावते की काय, ही शंका १९७२ मध्ये सेफर, ॲलन व बार या अमेरिकन संशोधकांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रथम ठळकपणे मांडली. त्यानंतर या वादावर पुष्कळ शाई खर्च झाली. त्यातील सर्वांत भक्कम पुरावा अमेरिका व कॅनडातील ५७९ मुलांच्या दीर्घ अभ्यासातून आला. त्याचे पहिले निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. चौदा महिन्यांच्या अखेरीस काळजीपूर्वक औषध दिलेल्या मुलांची चंचलता व अवधान यांत, केवळ वर्तनोपचार घेतलेल्या मुलांपेक्षा अधिक सुधारणा दिसली. परंतु २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या पाहणीत दोन गोष्टी पुढे आल्या. नव्याने औषध सुरू होऊन ते नियमित घेत राहिलेली मुले औषध न घेतलेल्या मुलांपेक्षा सरासरीने सुमारे २ सेंटिमीटर कमी उंच आणि २.७ किलो कमी वजनाची होती. आणि सुरुवातीला दिसलेले औषधगटाचे अधिकचे यश तिसऱ्या वर्षी उरले नव्हते.

या दोन निष्कर्षांचा अर्थ नीट लावला पाहिजे. औषध निरुपयोगी आहे असा तो नाही. एकदा सुरू केलेले औषध सवयीने वर्षानुवर्षे चालू ठेवू नये, दर वर्षी त्याची गरज नव्याने पारखावी, असा तो आहे.

दोन सेंटिमीटरची किंमत

दोन सेंटिमीटर ही सरासरी आहे, आणि सरासरीने सर्वांचा न्याय होत नाही. ज्याची उंची पुढे १७० सेंटिमीटर व्हायची त्याला ती १६८ झाल्याने आयुष्यात काही उणे पडणार नाही. परंतु पोलीस भरतीत पुरुष उमेदवाराला १६५ सेंटिमीटरची अट असते, हे खानदेशातील कोणत्याही कॉलेजकुमाराला ठाऊक आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने प्रौढपणी १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उंची ही बुटकेपणाची मर्यादा मानली आहे. जे मूल अशा रेषेच्या आसपासच पोहोचणार आहे, त्याला प्रत्येक सेंटिमीटर मोलाचा. उंचीला मुदतही असते. यौवनाबरोबर हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या मिटतात, आणि गेलेला वाफसा जसा परत येत नाही तशी ती वाढही मग भरून निघत नाही.

तथापि हिशेबाला दुसरे पान आहे. अर्थशास्त्रात ज्याला वैकल्पिक खर्च म्हणतात तो येथे डोळ्यांना दिसत नाही म्हणून धरला जात नाही. औषध न दिल्याने वाचन मागे राहते, मित्र तुटतात, रस्त्यावर अपघाताचा धोका वाढतो, घरी व शाळेत मार बसतो आणि 'आपण वाईटच आहोत' ही समजूत मनात घर करते. बुटक्या मुलाला आधीच 'गिड्ड्या' अशा हाका सोसाव्या लागतात. त्यावर 'वांड' हा शिक्का बसला, तर त्याच्यापाशी उरते काय? शिक्षणाचाही एक हंगाम असतोच.

निर्णयाची रीत

तेव्हा निर्णय क्रमाने व्हावा. प्रथम निदान पक्के करावे. लक्षणे किमान सहा महिन्यांची, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली आणि शाळा व घर या दोन्ही ठिकाणी दिसणारी हवीत. केवळ एका शिक्षकाच्या तासाला दिसणारी चंचलता हा रोग नव्हे. सहा वर्षांखालील मुलांत आईवडिलांना वर्तनाचे प्रशिक्षण देणे हाच पहिला उपचार होय.

दुसरे, वाढीचा वेग काढावा. चार वर्षांनंतर यौवनापर्यंत निरोगी मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढते. चारपेक्षा कमी वाढ ही तपासणीची सूचना होय. आईवडिलांच्या उंचीची सरासरी काढून मुलासाठी साडेसहा सेंटिमीटर मिळवावेत, मुलीसाठी वजा करावेत. अपेक्षित उंचीचा अंदाज मिळतो. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांच्या कामातून भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी सुधारित वाढ-आलेख प्रसिद्ध केले. परदेशी मोजमापे लावण्याची गरज त्यामुळे राहिलेली नाही.

तिसरे, औषधापूर्वी रक्तदाब, नाडी व हृदय तपासावे. टर्नरच्या मुलींत हृदयाचे दोष आढळतात आणि उत्तेजक औषधाने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून तेथे ही तपासणी टाळता कामा नये. उत्तेजकाखेरीज ॲटोमॉक्सेटिन व क्लोनिडीन ही औषधेही आहेत. पहिल्यानेही भूक कमी होते. दुसऱ्याचा भुकेवर परिणाम थोडा, पण गुंगी येते. निर्दोष पर्याय कोणताच नाही. वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शने चालू असलेल्या मुलाला अवधानाचे औषध देताच येत नाही, हा समज मात्र बरोबर नव्हे. दोन्ही तज्ज्ञांनी एकमेकांशी बोलून मात्रा ठरवावी, एवढेच.

चौथे, आहार. आपल्याकडे सकाळची शाळा असली की मूल चहा-बिस्किटावर घराबाहेर पडते. गोळी घेतल्यावर दुपारची भूक मरते आणि डबा तसाच परत येतो. म्हणजे दिवसाचे दोन आहार बुडाले. यावर उपाय घरचाच आहे. गोळीपूर्वी दूध, अंडे किंवा शेंगदाण्याच्या चटणीशी कळण्याची भाकरी असा भरपेट नाश्ता द्यावा, आणि औषधाचा अंमल उतरल्यावर रात्री पुन्हा पोटभर जेवण.

पाचवे, मोजणी चालू ठेवावी. ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांनुसार औषध घेणाऱ्या मुलांची उंची दर सहा महिन्यांनी आणि दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे वजन दर तीन महिन्यांनी मोजावे लागते. वाढीवर लक्षणीय परिणाम दिसल्यास शाळेच्या सुटीत औषध थांबवून वाढ भरून निघू देण्याचा विचार करावा, असेही त्या सांगतात. अर्थात ही सुटी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावयाची.

जामनेरची अडचण

हे सारे कागदावर सरळ आहे. जामनेरहून पाहिले तर तसे ते नाही. जळगावला २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही मोठीच सोय झाली. परंतु बालकांच्या संप्रेरकांचे तज्ज्ञ मुख्यतः पुण्या-मुंबईसारख्या शहरांत आहेत. पूर्वी 'पीजे'च्या छोट्या गाडीने पाचोऱ्यास जाऊन मुंबईची गाडी धरता येई. ती गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली. प्रत्येक खेपेला बापाचा रोज बुडतो. मेथिलफेनिडेट हे औषधनियमांच्या 'एक्स' अनुसूचीत आणि अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याखालीही येते. त्याच्या विक्रीसाठी निराळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत द्यावी लागते, आणि दुकानदाराला एक प्रत दोन वर्षे जपावी लागते. गैरवापर रोखण्यासाठी हे नियम आवश्यकच आहेत. पण त्यामुळे लहान गावातील दुकानदार या औषधाच्या वाटेस सहसा जात नाही. गोळ्या संपल्या की उपचारात खंड पडतो, आणि मुलाचे पुन्हा बिघडलेले वर्तन पाहून औषधच लागू पडले नाही असा समज होतो.

यांपैकी पुष्कळ गोष्टी तालुक्याच्या हाती नाहीत. एक मात्र आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्याची पथके वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासतात, आणि अवधानन्यूनता हा विकारही त्यांच्या यादीत आहे. उंची-वजन तर घेतले जातेच. ते आकडे आलेखावर मांडून त्याची प्रत पालकाच्या हाती दिली आणि शाळेने दर सहा महिन्यांनी आपली एक मोजणी त्यात भरली, तर जामनेरचा मुलगा पुण्याच्या तज्ज्ञासमोर तीन वर्षांच्या पुराव्यानिशी उभा राहील. आज 'आधी किती उंच होता?' या प्रश्नाला बापाकडे उत्तर नसते, आणि केवळ वेग कळण्यासाठी सहा महिन्यांनी पुन्हा येण्यास सांगितले जाते. वाढत्या वयातील ते सहा महिने वाचू शकतात.

यास लागते काय? भिंतीवर पक्की बसवलेली मोजपट्टी, अनवाणी उभे केलेले मूल, त्याची भिंतीला टेकलेली टाच, डोक्यावर आडवी धरलेली पाटी आणि एक वही. अर्ध्या सेंटिमीटरची चूकही हिशेब बिघडवते, म्हणून शक्यतो एकाच शिक्षकाने, दिवसाच्या एकाच वेळी मोजावे. या कामाला अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.

औषध द्यावे की न द्यावे, हे शेवटी डॉक्टर व आईवडील मिळून ठरवतील, आणि एका घरी योग्य ठरलेला निर्णय शेजारच्या घरी अयोग्य ठरू शकेल. परंतु तो आंधळेपणाने होऊ नये, एवढी जबाबदारी शाळेने आणि गावाने घेण्यास हरकत नसावी. प्रार्थनेच्या रांगेत सर्वांत पुढे उभ्या असलेल्या मुलाकडे या जूनमध्ये शिक्षकांनी जरा निराळ्या नजरेने पाहावे, आणि हजेरीपटात त्याच्या नावासमोर त्याची उंचीही लिहून ठेवावी.